हजेरीपटावरची पहिली

मला कोणी विचारलं की तू नक्की करतेस काय, तर मी आधी घड्याळ बघते. सकाळ असेल तर मी संशोधक असते. दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मी अकरा वर्षांखालच्या चौदा मुलींची फुटबॉल कोच असते. आई याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणते, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला मला अजून वेळ मिळालेला नाही.

यातलं संशोधन मी स्वतः ओढवून घेतलेलं. शिकवणं त्याच्यासोबत आलं, सायकलसोबत घंटी येते तसं. फुटबॉल मात्र आत्याचं. आत्या शाळेत पी.टी. शिकवायची, निवृत्त झाल्यावर तिनं मुलींचा क्लब काढला, आणि एका रविवारी माझ्या गळ्यात शिट्टी अडकवून म्हणाली, “तू कॉलेजात खेळायचीस ना? मग झालं तर.” आत्याला नाही म्हणण्याची सोय आमच्या घरात नाही. माझ्या वडिलांना जमलेलं नाही, मला कुठून जमणार?

तर तो आठवडा. पीएचडीचं चौथं वर्ष संपत आलं होतं. आणखी एक वर्ष मिळावं म्हणून एक फॉर्म असतो, त्यावर गाइडनं सही करायची असते की प्रयोग ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला आणि निकाल हाती आले. सहीची मुदत शुक्रवारची, फॉर्म ऑफिसला सोमवारी गेला तरी चालतो. सही झाली तर मी पुढच्या वर्षी विद्यापीठात, नाही झाली तर चार वर्षं पाण्यात. त्या आठवड्यात मला नीट समजलेली गोष्ट ही एवढीच होती.

प्रयोग टोमॅटोच्या रोपांचा होता. बारा ट्रे. सहा ट्रेंना मी जमिनीतल्या एका जिवाणूचं द्रावण घालत होते, सहांना साधं पाणी. द्रावणामुळे रोपं जोमानं वाढतात का, एवढाच प्रश्न. पण काचघराच्या एका टोकाला भरपूर ऊन, दुसऱ्या टोकाला दार आणि गारठा. एखादा ट्रे कायम उन्हात बसला तर तो वाढणारच, त्याचं श्रेय जिवाणूला कसं द्यायचं? म्हणून दर सोमवारी बाराही ट्रेंच्या जागा बदलायच्या, आणि त्याही आपल्या मर्जीनं नाही, चिठ्ठ्या टाकून. माणसाची मर्जी कुठे ना कुठे वशिला लावतेच.

चिठ्ठ्या टाकण्यासाठी मी कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. मी त्याला पंच म्हणायचे. यादी द्यायची, बटण दाबायचं, पंच सगळ्यांना एकेक आकडा वाटणार, त्यावरून कोण कुठे ते ठरणार. मला हा पंच इतका आवडला की मी तो सगळीकडे न्यायला लागले. वर्गात त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी कोणी आधी फळ्यावर यायचं, पंच. शनिवारच्या सामन्यात पहिल्या हाफमध्ये कोणत्या सात मुली खेळणार आणि कोणत्या दुसऱ्या हाफची वाट बघणार, तेही पंच. मुलींच्या आयांनी सुरुवातीला नाकं मुरडली. पण माझी मुलगी बाहेर का, हा प्रश्न मला कोणी विचारू शकत नव्हतं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवायचे आणि हात वर करायचे. खरं सांगते, मला त्यात फार न्यायी वगैरे वाटायचं.

सोमवारी शेवटची, नवव्या आठवड्याची मोजणी झाली. लॅबचे काका एकेक ट्रे टेबलावर आणून देत होते आणि मी पट्टी लावून उंची लिहीत होते. पंचाच्या चिठ्ठीप्रमाणे ट्रे हलवणं काकांकडे होतं, कारण सोमवारी माझे लागोपाठ दोन वर्ग असायचे. द्रावण घालायचं तेही काकाच, मी मापं भरून ठेवायचे. नऊ आठवड्यांत मी स्वतः काचघरात तीनदा गेले असेन, तेही धावतपळत. मोजणीचे आकडे मांडले तर द्रावणाची रोपं साध्या पाण्याच्या दीडपट. मी तीनदा बेरीज केली. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण मी चौथ्यांदा बेरीज केली. इतकं चांगलं माझ्या वाट्याला सहसा येत नाही.

“जमलं का?” काकांनी विचारलं.

“जमलंय बहुतेक.”

“मग तोंड असं का?”

“माझं तोंडच असं आहे, काका.”

मंगळवारी प्रॅक्टिस संपल्यावर कठड्याजवळ एक गृहस्थ थांबले होते. खाकी शर्ट, खिशाला बिल्ला. मैदानाला लागूनच बसचा शेवटचा थांबा आहे, तिथले ड्रायव्हर. मी त्यांना ओळखत होते, म्हणजे दर शनिवारी दिसायचे. लवंगीचे वडील.

लवंगी म्हणजे आमच्या संघातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तिखट. नाव मुलींनीच ठेवलेलं. पाऊस असो, परीक्षा असो, नाक गळत असो, ती हजर. माझ्या हजेरीपटावर तिचं खरं नाव पहिलं, कारण ते अ वरून सुरू होतं, आणि नावापुढे एकही फुली नाही.

“मॅडम, एक विचारू का? राग मानू नका,” ते म्हणाले.

“विचारा ना.”

“पोरगी बरी खेळत नाही का? तसं असेल तर तसं सांगा. घरी मी समजावीन तिला.”

“छे हो! चांगली खेळते. पळते तर अशी की विचारू नका.”

“मला तेच बघायचं होतं.” त्यांनी टोपी काढून हातात धरली. “शनिवारी दोन फेऱ्यांच्या मध्ये मला अर्धा तास मिळतो. पहिला हाफ संपला की गाडी काढावी लागते. नऊ शनिवार झाले. मी असतो तोवर ती बाहेर बसलेली असते, मी गेलो की आत जाते. मी तिला एकदाही खेळताना बघितलेलं नाही.”

मी त्यांना पंचाबद्दल सांगितलं. कॉम्प्युटरला कोण कोणाची मुलगी ते माहीत नसतं, तिथे आवडनिवड नाही, सगळा योगायोग, मी तर बोटही लावत नाही, असं बरंच काही. ते मान हलवत ऐकत राहिले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

“हो, ती पण हेच सांगते,” ते म्हणाले. “घरी येऊन म्हणाली, बाबा, माझं नशीबच फुटकं आहे. आता दहा वर्षांच्या पोरीला नशीब कशाला कळायला पाहिजे? म्हणून म्हटलं विचारावं.” एवढं बोलून ते हसले, टोपी घातली आणि गेले.

मला राग आला. कोणाचा, ते कळेना. त्यांचा यायचं कारण नव्हतं, माणूस साखरेहून गोड बोलला होता. मग मी गणिताचा आधार घेतला. नऊ वेळा ओळीनं बाहेर बसणं म्हणजे साधारण पाचशे बारांत एक. दुर्मीळ, पण अशक्य नाही. कोणाच्या तरी वाट्याला ते येणारच, यावेळी हिच्या आलं. घरी जाताना मी हे स्वतःला तीन-चार वेळा पटवलं. दर वेळी पटायचं आणि पुढच्या चौकात पुन्हा उतरायचं.

बुधवारी दुपारी वर्ग होता. धडा योगायोगाचाच, म्हणून मी उदाहरणही तेच घेतलं. मुलगी सांगितली नाही, नाणं सांगितलं. “समजा, नऊ वेळा ओळीनं छापा पडला. दहाव्या वेळी काय पडेल?” मुलांनी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं, सांगता येत नाही, नाण्याला आठवण नसते. मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. त्या मुलाला सगळा वर्ग शंकासूर म्हणतो आणि मीही मनातल्या मनात म्हणते.

“मॅडम, नऊ वेळा छापा पडला तर मी आधी नाणं बघेन.”

वर्ग हसला.

“नाणं खरं आहे असं धरून चालायचं,” मी म्हटलं.

“पण का धरायचं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. निदान मला तसं वाटलं. मी लॅपटॉप पडद्याला जोडला आणि म्हटलं, हे बघा खरं नाणं. पंच उघडला, वर्गातल्या तीस जणांचे क्रमांक दिले, बटण दाबलं. पडद्यावर यादी आली: सतरा, चार, एकोणतीस, आठ, असं काहीतरी. “आता पुन्हा दाबते. बघा, पूर्ण वेगळी यादी येईल.”

दाबलं. सतरा, चार, एकोणतीस, आठ.

“मॅडम, तीच आली,” पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

“हो का? दाबलं गेलं नसेल नीट.” मी पुन्हा दाबलं. सतरा, चार, एकोणतीस, आठ. चौथ्यांदा दाबलं तेव्हा वर्गानंच माझ्या आधी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि पडदा त्यांच्या मागोमाग आला. शंकासूर तेवढा हसत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

गोष्ट साधी आहे. कॉम्प्युटर खरोखरच्या चिठ्ठ्या टाकत नाही. त्याला एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो आणि त्यातून तो पुढचे आकडे काढत जातो. तोच आकडा दिला की तीच यादी. आम्ही संशोधक हा आकडा मुद्दाम लिहून ठेवतो, उद्या कोणाला आमचं काम तपासायचं झालं तर त्यांनाही तीच यादी मिळावी म्हणून. शिस्त म्हणतात याला. मी फारच शिस्तीची. मी तो आकडा प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत पक्का लिहून टाकला होता आणि नऊ आठवडे दर वेळी माझा पंच त्याच एका आकड्यापासून सुरू होत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मुलींच्या बाबतीत काय झालं होतं, ते मला वर्गात उभ्या उभ्याच दिसलं. पंच यादीतल्या पहिलीला पहिला आकडा देणार, दुसरीला दुसरा, आणि मोठे आकडेवाल्या सात जणी आत. पहिला आकडा दर वेळी तोच, आणि तो होता अगदी किरकोळ. मागच्या मुलींपैकी कोणी ना कोणी दांडी मारायची, त्यामुळे मागच्या पुढे सरकायच्या, त्यांना वेगवेगळे आकडे मिळायचे, आणि मला सगळं कसं छान बदलतंय असं वाटायचं. दुसऱ्या नंबरच्या मुलीलाही दर वेळी तोच आकडा मिळत होता, पण तो होता भरभक्कम. ती आली की पहिल्या हाफमध्ये असायचीच, आणि तिच्या घरून काही तक्रार आली नव्हती. लवंगीच्या पुढे मात्र कोणी नव्हतंच, आणि ती एकदाही चुकली नव्हती.

मी वर्गाला पंधरा मिनिटं आधी सोडलं. जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं की ट्रेंच्या चिठ्ठ्याही याच पंचानं काढल्या होत्या.

काका लॅबमध्ये काचेच्या नळ्या पुसत होते. मी धापा टाकत विचारलं, “काका, दर सोमवारी मी चिठ्ठी द्यायचे. ट्रे हलवले ना तुम्ही?”

“पहिल्या सोमवारी हलवले की.”

“आणि नंतर?”

“नंतर कशाला हलवायचे? दुसऱ्या सोमवारी बघतो तर चिठ्ठी तीच. ट्रे आपापल्या जागी. तिसऱ्या सोमवारी पुन्हा तीच. म्हटलं, शास्त्र आहे, असेल काहीतरी.”

“अहो, मग मला सांगायचं नाही का?”

“तुम्ही थांबलात कधी?” काका नळी उजेडात धरून म्हणाले. “पेटीत चिठ्ठी टाकायची आणि पळायचं. मी दोनदा हाक मारली. एकदा तुमच्या गळ्यात शिट्टी होती, म्हटलं आज काही खरं नाही.” त्यांनी ड्रॉवर उघडून नऊ चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या, नीट टाचणी लावलेल्या. नऊही एकसारख्या.

मी काचघरात गेले. यावेळी धावतपळत नाही. उन्हाच्या बाजूला उभी राहून मोजलं. द्रावणाच्या सहा ट्रेंपैकी पाच ट्रे नऊ आठवडे तिथेच बसून होते. दीडपट वाढणार नाहीत तर काय? माझ्या जिवाणूनं काही केलं असेलही, नसेलही. उन्हानं मात्र त्याचं काम चोख केलं होतं. मी एका उलट्या बादलीवर बसले आणि माझी पाचावर धारण बसली.

गुरुवार माझा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी आकडे उलटे मांडले, सुलटे मांडले, उन्हाचा हिशोब वजा करून बघितला. वजा करायला निदान काही ट्रे तरी हललेले हवेत, ते नव्हते. कधी वाटे, जिवाणू खराच असेल, मग काय बिघडलं? लगेच वाटे, तुला कसं माहीत? संध्याकाळी प्रॅक्टिसला मुलींना सांगायचं ठरवलं आणि सांगितलं नाही. लवंगी तेवढ्यात दोनदा विचारून गेली की शनिवारी बूट पांढरे घालायचे की काळे. बूट कोणतेही घाल, म्हणाले मी, आणि ते वाक्य मलाच लागलं.

प्रॅक्टिसनंतर आत्याला मात्र सांगितलं. दोन्ही गोष्टी. आत्यानं ऐकून घेतलं.

“मग शनिवारी त्या पोरीला आधी घे. त्यात काय एवढं?”

“आणि ट्रे?”

“रोपं उगवली ना?”

“आत्या, उगवण्याचा प्रश्न नाही गं.”

“मग मला काही कळत नाही तुमचं,” आत्या म्हणाली. “चेंडू जाळीत गेला की गोल. तुमच्याकडे तो जाळीत गेल्यावर चर्चा सुरू होते.” आणि ती कोपऱ्यातले प्लास्टिकचे कोन गोळा करायला गेली.

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमच्या खोलीत. माझ्या गाइड मॅडम कमी बोलतात आणि कौतुक तर वर्षातून एकदा, तेही दुसऱ्या कोणाचं. मी सांगायचं ठरवून गेले होते. वाक्यही तयार होतं: मॅडम, एक चूक झाली आहे. पण मी खुर्चीत बसेपर्यंत त्यांनी माझे तक्ते पुढ्यात ओढले होते आणि त्या चक्क हसत होत्या.

“दीडपट,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं. चांगलं काम केलंस.”

चार वर्षांत पहिल्यांदा. माझं तयार वाक्य जिथे होतं तिथेच राहिलं.

“जागा दर आठवड्याला बदलल्या ना?” त्यांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

“दर सोमवारी काकांकडे चिठ्ठी दिली, मॅडम,” मी म्हणाले.

यातला शब्द न् शब्द खरा होता. मी हे वाक्य आधी जुळवून नेलं नव्हतं, शपथेवर सांगते. ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं, गुळगुळीत, कुठेही न खरचटता. मॅडमनी सही केली, तारीख घातली, आणि फॉर्म स्वतःच्या टेबलावरच्या फाइलीत ठेवला. म्हणाल्या, सोमवारी ऑफिसला पाठवते. मी थँक यू म्हणाले. बाहेर आले तेव्हा पाय हलके होते, आणि ते हलके आहेत याची मला भीती वाटली. लबाडी केली की खरं बोलले, हे मला जिन्यातही कळेना, घरी जेवतानाही कळेना. आई म्हणाली, “झाली सही? मग पेढे वाटल्यासारखं तोंड कर की!” मी तोंड केलं.

शनिवारी सकाळी चौदाही मुली आल्या होत्या. मी त्यांना गोल करून बसवलं, लॅपटॉप पिशवीतून काढलाच नाही. म्हटलं, “एक सांगायचंय. पंच खरा नव्हता.”

“हॅक झाला?” गोलकीपर मुलगी डोळे मोठे करून म्हणाली.

“नाही. माझी चूक. मी त्याला दर वेळी एकाच ठिकाणाहून सुरू करत होते. त्यामुळे लवंगीला दर वेळी तोच आकडा मिळत होता. बाहेर बसण्याचा.”

मुलींनी लवंगीकडे बघितलं.

“म्हणजे ती कधीच पहिल्या हाफमध्ये येणार नव्हती?” कोणीतरी विचारलं.

“नाही.”

“वर्षभर आली असती तरी?”

“वर्षभर आली असती तरी.”

लवंगीनं बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाली, “पण तुम्ही बाबांना सांगितलं की माझं नशीब आहे.”

“सांगितलं. तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“आणि मग कळल्यावर?”

“कळल्यावर दोन दिवस सांगितलं नाही.” मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “चुकलं माझं. आज तू पहिल्या हाफमध्ये. चिठ्ठी नाही, काही नाही. थेट.”

सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या नंबरच्या मुलीनंही वाजवल्या, जरा हळू. कठड्याशी ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते. त्यांना आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं, पण टाळ्या दिसल्या असणार, कारण ते जरा ताठ झाले.

लवंगी उठली नाही.

“मला असं नको,” ती म्हणाली.

“असं म्हणजे?”

“असं, थेट. मग उद्या सगळ्या म्हणतील, मॅडमनी घेतली. मला सगळ्यांसारखं पाहिजे. खऱ्या चिठ्ठ्या काढा.”

“अगं, पण तुझे बाबा—”

“काढा ना.”

आत्यानं पेन दिलं. मी वहीचं पान फाडलं, चौदा तुकडे केले, सातांवर ‘पहिला’ लिहिलं, सातांवर ‘दुसरा’, आणि घडी घालून गोलकीपरच्या टोपीत टाकले. घडी घालताना माझ्या मनात आलं की एका चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायला काय लागतं. कोणाला कळणार होतं? तिचे बाबा एकदा बघतील, मुलगी हसेल, नऊ शनिवारांचं पाप फिटेल. चांगल्या कामासाठीच तर. आणि मग मला कळलं की मी काल अकरा वाजता मॅडमच्या खोलीत नेमकं हेच केलं होतं. मी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या, एकसारख्या घड्या घातल्या आणि टोपी आत्याकडे दिली. आत्या माझ्याकडे बघत राहिली.

मुली रांगेत उभ्या राहिल्या. पहिली ये म्हटलं तर लवंगी पहिली आली नाही, मध्येच कुठेतरी घुसली. तिची पाळी आली तेव्हा तिनं डोळे मिटून टोपीत हात घातला, बराच वेळ चाचपलं, एक चिठ्ठी काढली, परत टाकली, दुसरी काढली. उघडली.

दुसरा.

मला खरंच वाटलं की मी रडणार. लवंगीनं चिठ्ठी दोनदा वाचली, कठड्याकडे वळली, ती उंच धरून दाखवली आणि मान हलवली. ड्रायव्हरनी हात वर केला. मग ती बाकावर जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले.

“राग आला?” मी विचारलं.

“आला.”

“माझा?”

तिनं विचार केला. “मंगळवारचा आला होता. आजचा नाही. आजची मीच काढली ना.” आणि ती समोरच्या खेळाकडे बघून ओरडायला लागली, “अगं पास दे, पास!”

पंचवीस मिनिटांनी हाफ टाइमची शिट्टी झाली. ड्रायव्हर गेले. थांब्यावरून बस निघाल्याचा आवाज आला आणि लवंगी तो आवाज कमी होईपर्यंत उभी होती, मग मैदानात पळाली. मी रेषेपासून जरा लांब जाऊन फोन काढला. शनिवारी मॅडमना फोन करायचा नसतो, हे सगळ्या लॅबला माहीत आहे. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

“मॅडम, ट्रे नऊ आठवडे हललेच नाहीत,” मी म्हणाले. वाक्य तयार केलेलं नव्हतं, त्यामुळे पुढचंही सगळं तसंच वेडंवाकडं बाहेर पडलं: सुरुवातीचा आकडा, काका, उन्हाच्या बाजूचे पाच ट्रे. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“तुला हे कधी कळलं?” मॅडमनी विचारलं.

“बुधवारी.”

“सही शुक्रवारी झाली.”

“हो, मॅडम.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत आणि त्यांनी फोनही ठेवला नाही. मैदानावरून मुली मला हाका मारत होत्या, कशासाठी ते कळत नव्हतं. मी फोन कानाला लावून तिथेच उभी राहिले.